आनंदीबाईंची ट्रंक भरताना

आमच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा डॉ. आनंदीबाई जोशींवर एक छोटी एकांकिका केली. प्रसंग एकच. १८८६ चा ऑक्टोबर, फिलाडेल्फियातलं शिक्षण संपलंय आणि बाई हिंदुस्थानात परतायला सामान बांधतायत. जागा आम्ही न्यू जर्सीतल्या रोझेलची धरली, म्हणजे आनंदीबाई ज्यांना मावशी म्हणत त्या कारपेंटरबाईंचं घर. अभिनयाच्या नावाने माझी बोंब, त्यामुळे प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. पण सामान बांधण्याचंच नाटक म्हटल्यावर प्रॉपर्टी हेच मुख्य पात्र की!

पहिली अडचण ट्रंकेची. मंडळात ज्याच्या त्याच्या माळ्यावर आजीची लोखंडी ट्रंक आहे, आणि प्रत्येकाला तीच चालेल असं वाटत होतं. बोटीच्या केबिनमध्ये न्यायची ट्रंक मात्र बुटकी असे, झोपायच्या फळीखाली सरकली पाहिजे म्हणून. आजीची ट्रंक तिथे शिरलीच नसती. शेवटी आमच्या सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. वरून जाड कॅनव्हास, त्यावर लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांना पितळी पत्रा. नवीकोरी दिसायला लागली तेव्हा चहाचं पाणी आणि काळं बूटपॉलिश चोळून तिचं वय वाढवलं. कडी-कोयंडा जुन्या बाजारातला, त्याची किल्ली मात्र कधीच लागली नाही.

मग प्रवासाचा हिशेब मांडला. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्ता सोडलेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. परतताना ऑक्टोबरात निघून नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबई. आधी अटलांटिक ओलांडून इंग्लंड, तिथे बोट बदलायची, मग सुएझच्या कालव्यातून पुढे. म्हणजे सामानाची चढउतार दोनदा. त्या काळी बोटीवरच्या सामानाला वाटेत लागणारं आणि न लागणारं अशा चिठ्ठ्या लावत. न लागणारं थेट तळाशी, होल्डमध्ये. हे कळल्यावर आमच्या प्रसंगाला एकदम जीव आला. रंगमंचावर दोन ढीग झाले आणि हातातली प्रत्येक वस्तू कुठल्या ढिगात टाकायची हा प्रश्न झाला.

साड्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून अमेरिकेच्या थंडीत त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरातला त्यांचा प्रसिद्ध फोटो समोर ठेवला. शेजारी त्यांच्याच कॉलेजातल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पण मुंबईच्या धक्क्यावर बाई काय नेसून उतरणार? आम्ही तर्काने एक नऊवारी वाटेत लागणाऱ्या ढिगात ठेवली, अगदी वर. तिची घडी घालायला नटीला आमच्या मंडळातल्या काकूंनी दोन संध्याकाळ शिकवलं, कारण नऊ वार एकटीने घडी घालणं म्हणजे गंमत नाही.

स्टेथोस्कोपवरून वाद. एकाचं म्हणणं, त्या काळी लाकडी नळीच असणार. पण दोन्ही कानांना लावायचा स्टेथोस्कोप न्यूयॉर्कच्या डॉ. कॅमन यांनी १८५२ मध्येच आणला होता, तेव्हा तो चालला. फक्त प्लास्टिकच्या नळ्या काढून काळं रबर बसवलं. ११ मार्चला मिळालेली पदवी आम्ही पत्र्याच्या नळकांड्यात घातली, खाऱ्या हवेला भिऊन. आणि एक लिफाफा, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागाच्या नेमणुकीचा.

या लिफाफ्यावरून दिग्दर्शकांशी माझं खरं भांडण झालं. त्यांना खोकला हवा होता. प्रत्येक घडीमागे एक ढास, मागे व्हायोलिन. आजार खराच होता. क्षयाने बाई खंगल्या होत्या, आणि पुढे २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, पुण्यात गेल्या. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. हे प्रेक्षकाला शाळेपासून पाठ आहे. पण ट्रंक भरणारी बाई मरायला निघालेली नाही हो, नोकरीवर निघालीय! ती पुस्तकं कुठली न्यायची ते बघणार. मी हट्टच धरला. शेवटी तोड नटीनेच काढली. खोकला एकदाच, तोही ट्रंकेचा पट्टा आवळताना दम लागतो म्हणून, आणि लगेच नेमणुकीचं पत्र उघडून पुन्हा वाचायचं. व्हायोलिन रद्द.

आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव आम्ही विंगेतच ठेवले. ते होते तिथे, पदवीदानालाही होते, पण ते आले की नाटक त्यांचं होतं, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी डॉ. रखमाबाई करायचं घाटतंय, लंडनचं शिक्षण संपवून परततानाच्या. ट्रंक तीच चालेल. वरच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागतील, आणि सुताराला सांगून चाकं बसवणार आहे, कारण प्लायवूडची असली तरी ती उचलताना दोन माणसांच्या पाठी धरल्यात.