अमेरिकेत अटक झालेल्याचा पत्ता लावताना

अमेरिकेत अटक शहर पोलिसांनी केली तरी माणूस बहुधा काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) जेलमध्येच जातो. म्हणून ते शहर कुठल्या काउंटीत येतं ते आधी बघा आणि थेट शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) साइटवरचा ‘इनमेट सर्च’, म्हणजे कैद्यांचा शोध, उघडा. गुगलवर झळकणाऱ्या खासगी मगशॉट (अटकेनंतर काढलेला फोटो) साइट्सच्या नादी लागू नका. तिथली माहिती बऱ्याचदा शिळी असते, आणि काही जण फोटो काढून टाकायचेही पैसे मागत आले आहेत.

सुरुवातीला फक्त आडनाव टाका. आपल्या नावांची तिथे हमखास वाट लागते: वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटतं, वाघमारे कधी डब्ल्यूने तर कधी व्हीने. तरीही सापडलं नाही तर काही तासांनी परत बघा. ठसे, फोटो, नोंद उरकेपर्यंत नाव यादीत चढत नाही. सुटका झाली की बऱ्याच ठिकाणी लगेच उतरतं. बुकिंग नंबर (जेलमधल्या नोंदीचा क्रमांक) दिसताच टिपून ठेवा, जामिनाच्या कामात तो विचारतात.

फोटो मिळेलच असं नाही. फ्लोरिडात सहसा दिसतो. न्यूयॉर्कने २०१९मध्ये कायदा बदलून त्यावर बंधनं घातली.

इमिग्रेशनच्या ताब्यातल्यांसाठी आयस (ICE) या अमेरिकी इमिग्रेशन यंत्रणेचा लोकेटर, म्हणजे ऑनलाइन शोध, वेगळा आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) किंवा तंतोतंत नाव, सोबत जन्मदेश लागतो. खटल्याचा निकाल मात्र कोर्ट क्लार्कच्या नोंदींतच शोधावा.