तबल्याला कोण आहे?

मागच्या महिन्यात चष्म्याची काडी बसवून घ्यायला शनिवार पेठेत गेले होते. परत येताना पावसानं गाठलं. छत्री होती, पण घरी, खुंटीला. समोर एका छोट्या सभागृहाची पायरी आणि वर पत्रा दिसला, तिथं जाऊन उभी राहिले. दुपारची वेळ, दार बंद, आत कुणी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भिंतीवरचा फळा वाचायला लागले. काडी नुकतीच नीट बसली होती, त्यामुळे वाचायची हौसही होती.

'आगामी कार्यक्रम' असं वर लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. शनिवारी बासरी. रविवारी सकाळी नवोदितांची सभा. आणि पुढच्या गुरुवारी सायंकाळी साडेसहाला गायन. गाणाऱ्या बाईंचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. त्याखाली 'संवादिनी', म्हणजे पेटी, आणि पुढे नाव. त्याखाली 'तबला', दोन टिंबं, आणि पुढे काहीच नाही.

मी त्या दोन टिंबांपुढच्या काळ्या जागेकडे बघत राहिले.

तर सांगायचं असं, की माझे आप्पा मिरजेत फळा लिहायचे. नोकरी रेल्वेत, पार्सल ऑफिसात. पण अक्षर असं की गावातल्या संगीत मंडळानं त्यांना कार्यकारिणीवर घेतलं ते केवळ फळ्यासाठी. गाण्यातलं त्यांना किती कळत होतं हा प्रश्न घरात कधी निघाला नाही. आईनं एकदा काढला होता, तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत.

मिरजेला गाण्याचं कौतुक मुद्दाम करावं लागत नाही. सतारमेकरांच्या गल्लीत छपरांवर भोपळे वाळत असायचे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे, आणि आम्हा पोरांना त्यांना हात लावायची सक्त मनाई. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या शाळेच्या गटावर सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, जणू भोपळे आम्हीच कोरले होते. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत. उरुसाला मोठमोठे गवई तिथं चिंचेच्या झाडाखाली बसून हजेरी लावतात. तिथं फळ्याची गरजच नसते. फळा लागतो तो उरलेल्या वर्षाला, म्हणजे महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये सतरंजीवर होणाऱ्या गाण्याला, जिथं कोण येणार हे देवालाही ठाऊक नसतं.

फळा लिहायचा दिवस बुधवार. आप्पा संध्याकाळी घरी आले की आई न विचारता वाटीत साखरेचं पाणी करून द्यायची. त्यात खडू बुडवून ठेवायचे. तसा भिजवलेला खडू ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की असा पांढराशुभ्र उठतो की रस्त्यापलीकडून वाचता यावा. हातानं पुसला तरी लवकर जात नाही. मी वाटी धरून शेजारी उभी. ते आधी पंचानं फळा ओला करून घ्यायचे, सुतळीनं रेघा आखायचे, मग शिरोरेघ मारायचे, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगायचे. तारीख, वार, वेळ. 'गायन' मोठं. 'संवादिनी' त्याहून लहान. मग 'तबला', दोन टिंबं, आणि खडू खाली.

"नाव नाही लिहिलं, आप्पा."

"ठरायचंय अजून."

ते नेहमीच ठरायचं असायचं. गवई दोन महिने आधी पत्रानं ठरलेला असे, पेटीवाले गावातलेच. पण तबलजी सांगलीचे, त्यांना चार गावांची बोलावणी, आणि होकार द्यायची त्यांची पद्धत म्हणजे प्रत्यक्ष येऊन उभं राहणं. त्यामुळे फळ्यावर शेवटच्या दिवसापर्यंत ती जागा मोकळी. येणारा-जाणारा रसिक थांबायचा, वरून खालपर्यंत वाचायचा आणि आप्पा भेटले की हमखास विचारायचा, "तबल्याला कोण आहे?" गवयाचं कुणी विचारत नसे.

साखरेचा एक तोटा होता. मुंग्या. गुरुवारी सकाळी शाळेत जाताना बघावं तर 'भीमपलास' ह्या रागाच्या नावावर ही रांग. शिरोरेघेवरून ओळीनं चालायच्या, वेलांटीशी वळायच्या, काना उतरून खाली यायच्या. मोकळ्या जागेत मात्र एकही जात नसे. मला तेव्हा वाटायचं की ह्यांनाही कळतंय, इथं अजून ठरायचंय.

अशा पाट्यांची एक भाषा असते, आणि ती सगळीकडे तीच. 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल' असं जिथं लिहिलेलं असतं तिथं तो हमखास उशिरा सुरू होतो; जिथं लिहिलेलं नसतं तिथंही होतो, पण निदान फसवणूक नसते. 'काही जागा राखीव' म्हणजे पुढच्या दोन रांगा, ज्यांच्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवून मान्यवर मध्यंतरापर्यंत येत नाहीत. 'भारतीय बैठक'च्या पुढे हल्ली 'खुर्च्यांची सोय आहे' हे लिहावंच लागतं, कारण गाणं ऐकणारी माणसं आणि गुडघे दुखणारी माणसं ह्यांत आता फरक उरलेला नाही. आणि 'सर्वांना विनामूल्य प्रवेश'. हे वाचलं की मला उगीच अपराधी वाटतं. तिकीट असतं तर न जाण्याला निदान कारण तरी होतं.

कारण खरी गोष्ट अशी, की मी जात नाही. वाचते. वाचायला मला अतोनात आवडतं. पुण्यात ज्याला यादी वाचायची हौस आहे त्याचं पोट सुटेल इतके कार्यक्रम आहेत. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली काढलेला भारत गायन समाज इथं अजून उभा आहे. अहिल्यादेवी शाळेजवळ सुदर्शन रंगमंच आहे, तिथं बसल्यावर कलाकाराला घाम आलेला दिसतो. मी पेपरातलं आजच्या कार्यक्रमांचं सदर चहाबरोबर वाचते, दोन ठिकाणी मनात खूण करते, साडेपाचला साडी कोणती नेसायची हेही ठरवते, आणि सहा वाजता कुकर लावते. सवाई गंधर्व महोत्सवाला मात्र जाते. पण सवाईला जाणं म्हणजे गाण्याला जाणं नव्हे, ते हळदीकुंकवासारखं आहे. न गेलेलं दिसतं.

माझी मुलगी ह्याला 'कार्यक्रम' म्हणू देत नाही. "आई, गिग." तिच्या गिगच्या याद्या फोनवर येतात, काळ्या पार्श्वभूमीवर जांभळ्या अक्षरांत, आप्पांनी हाय खाल्ली असती अशा अक्षरांत. एकदा तिनं दाखवलेल्या महिन्याभराच्या यादीत मला एक नाव पुन्हापुन्हा दिसलं. म्हटलं, "हे टीबीए बरेच वाजवतात गं. चांगले असणार."

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. टीबीए म्हणजे अजून ठरायचंय.

एवढ्यावरून माझं त्या जगाशी नातं जुळलं. कुठेतरी बाणेरच्या बाजूला कुणी एक बसलाय, त्याचाही तबलजी सांगलीत अडकलाय. मग मी हट्टानं तिच्याबरोबर एकदा गेले. जागा आमच्या वाचनालयाच्या हॉलएवढीच. सतरंजी नाही, खुर्ची नाही, अडीच तास उभं. चाळीस-पन्नास पोरं असतील. ड्रम वाजवणारा मुलगा आपले ड्रम स्वतःच उचलून आणत होता, आणि मग बराच वेळ एकाच ड्रमवर टकटक करून कान लावून ऐकत होता. हे बघून मला इतकं बरं वाटलं! तबलजीची हातोडी नव्हती एवढंच. गाणं मला अर्धं कळलं, उरलेलं छातीत वाजलं. संपल्यावर गाणारी मुलगी घामानं भिजलेली, दाराशी टेबल मांडून स्वतःच टीशर्ट विकायला बसली. मी एक घेतला. घरात फरशी पुसताना घालते, पण घेतला.

तिथून निघताना मुलगी म्हणाली, "ही जागा किती दिवस टिकेल सांगता येत नाही." मला मुंबईतलं, लोअर परळचं ब्लू फ्रॉग आठवलं, असाच गाण्याचा क्लब. माझा भाऊ तिथं जवळच नोकरीला होता. २००७ साली गिरणीच्या आवारात ते सुरू झालं तेव्हा त्यानं फोन करून वर्णन केलं होतं, आणि २०१६ साली बंद झालं तेव्हाही फोन केला. मधल्या नऊ वर्षांत किती वेळा गेलास असं मी विचारलं. तो म्हणाला, "दोनदा. पण यादी बघायचो."

घराणं एकच आमचं.

मिरजेचा एक कार्यक्रम मात्र सांगते. जुलै असावा, मी चौथीत. सकाळपासून पाऊस लागलेला. गाणाऱ्या बाई पुण्याहून गाडीनं आल्या, आप्पांनी त्यांना स्टेशनवरून टांग्यानं आणलं, तंबोऱ्यांवर स्वतःचा रेनकोट घालून. हॉलमध्ये नऊ माणसं. नऊ हा आकडा मला पक्का आठवतो, कारण आईनं घरून पन्नास जणांच्या चहाचं दूध आणलं होतं आणि मंडळाचे अध्यक्ष दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन रस्त्याकडे बघून यायचे. त्या नवांत आम्ही घरचेच तिघं. सांगलीची बस आली नाही, म्हणजे तबलजी आले नाहीत. फळ्यावरची जागा मोकळीच राहिली होती.

मग कुणीतरी औषधाच्या दुकानातल्या काकांच्या मुलाला बोलावून आणलं. अकरावीतला पोरगा, हाफ पँटीतच आला. बाईंनी विचारलं, "बाळ, झुमरा ताल येतो का रे?" तो म्हणाला, "न्हाई. तीनताल वाजवतो की." बाई म्हणाल्या, "मग तीनतालच म्हणू."

आणि स्टेजवर चढण्याऐवजी त्या खाली आल्या. सतरंजीवर आमच्यातच बसल्या, आणि सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. मी इतकी जवळ होते की त्यांच्या पायाच्या बोटातली जोडवी मला मोजता येत होती. गौडमल्हार गायल्या, पावसाचा राग. बाहेरही तेच चाललं होतं. माइक नव्हता, घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. तो पोरगा आधी खाली मान घालून नुसता ठेका धरून होता. मग केव्हातरी बाई समेवर येताना त्याच्याकडे बघून हसल्या, आणि त्यानं एक लहानसा तुकडा घातला. भीतभीत. बाईंनी "वा" म्हटलं. त्याचे कान लाल झालेले मी बघितले.

हल्ली उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, २००० सालापासून नियमच आहे, आणि ते बरोबरही असेल. माझ्या खिडकीखाली डीजे लागला की मीच आधी तक्रार करते. बंद सभागृहाला तो नियम तसा लागू नाही, पण तिथं पहारेकऱ्याला घरी जायचं असतं. त्यामुळे उत्तररात्रीचा राग दरबारी आता पावणेनऊला ऐकायचा. त्या दिवशी आम्ही हॉलमधून निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. दूध नासलं होतं. आप्पा फळ्यापाशी थांबले, खिशातून खडू काढला आणि 'तबला'च्या पुढे त्या पोराचं नाव लिहिलं. कार्यक्रम संपल्यावर. मी म्हटलं, "आता कोण वाचणार?" त्यांनी उत्तर दिलं नाही. साखरेचा खडू नव्हता, साधाच होता; सकाळी शाळेत जाताना बघितलं तर पावसाच्या तुषारांनी नाव फिकट झालं होतं.

शनिवार पेठेतला पाऊस ओसरायला लागला. सभागृहाचं दार उघडून एक मुलगा बाहेर आला, हातात झाडू. "काकू, आत बसा की, भिजताय." मी म्हटलं, निघालेच. आणि जिभेवर होतं ते विचारून टाकलं.

"गुरुवारी तबल्याला कोण आहे?"

"ठरायचंय अजून," तो म्हणाला. मग जरा थांबून, "याल ना?"

"येणार तर," मी म्हटलं आणि फोन काढून फळ्याचा फोटो घेतला. माझ्या फोनमध्ये असे बरेच फोटो आहेत, आधार कार्ड आणि गॅसच्या पावत्यांच्या मध्येमध्ये.

गुरुवारी भिशी होती. आमच्याकडेच होती, त्यामुळे टाळणं शक्य नव्हतं. साडेसहाला मी साबुदाणेवडे तळत होते, आणि पाऊस बऱ्यापैकी लागला होता.

तबल्याला कोण होतं, ते काही कळलं नाही.