आईच्या लघवीत जंतू निघाले तेव्हा

आईच्या मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये लघवीचीही तपासणी होती. रिपोर्टमध्ये 'बॅक्टेरिया' या ओळीसमोर ठळक अक्षरांत 'प्रेझेंट' आणि पस सेल्स (पू-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशी) ८ ते १०. आईला ना जळजळ, ना ताप, ना सारखं जावं लागत होतं. तरी ती ठळक अक्षरं पाहून घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर लागला.

त्या रात्री मी नेटवर वाचत बसलो. बहुतेक ठिकाणी एकच सूर: लघवीत जंतू म्हणजे इन्फेक्शन, वेळीच औषध घेतलं नाही तर किडनीवर जाईल. एका नातेवाइकांनी तर गोळीचं नाव आणि डोसही पाठवून दिला. वाचता वाचता लक्षात आलं, की लिहिणारा त्रास असलेल्या आणि नसलेल्या माणसात फरक करतो का, एवढंच आधी बघावं. त्या एका प्रश्नावर बरीचशी माहिती गळून पडली. जी उरली त्यात अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना होत्या. लक्षणं नसलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये असे जंतू शोधत बसू नये आणि सापडले तरी अँटिबायोटिक देऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

तोवर लॅबच्या सल्ल्याने कल्चरही, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणते हे बघण्याची तपासणी, झालं होतं. नमुना कसा घ्यायचा, हे तिथल्या सिस्टरनी आईला फार नीट समजावलं. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, डबीला आतून बोट लागू द्यायचं नाही. नमुना लगेच लॅबला द्यायचा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा, कारण बाहेर राहिला की डबीतच जंतू वाढतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे एकटीने जमणं अवघड, म्हणून ताई तिच्यासोबत आत गेली.

कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू निघाला, दर मिलिलिटरला १ लाखाहून जास्त. खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे 'एस' (जंतूवर लागू पडतं) किंवा 'आर' (लागू पडत नाही). अशी यादी समोर आली की आता यातलं एक निवडायचंच, असं कुणालाही वाटेल. हा १ लाखाचा आकडा १९५० च्या दशकात डॉ. एडवर्ड कास यांच्या कामातून आला. नमुन्यात बाहेरून मिसळलेले जंतू आणि मूत्राशयातच वाढणारे जंतू यांत फरक करायला तो उपयोगी पडतो. माणूस आजारी आहे का, हे त्यावरून कळत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईलाच विचारलं, "आजी, लघवीला जळजळ होते? ओटीपोटात दुखतं? थंडी वाजून ताप?" मग कुशीत हलकेच ठोकून पाहिलं. आईने सगळ्याला नाही म्हटलं आणि वर विचारलं, "मग एवढे जंतू तसेच आत ठेवायचे?"

डॉक्टर हसले नाहीत, शांतपणे सांगत बसले. वय वाढेल तसे, विशेषतः बायकांमध्ये, हे जंतू त्रास न देता राहतात. औषधाने गेले तरी बऱ्याचदा परत येतात आणि येताना औषधाला दाद न देणारे होऊन येऊ शकतात. मग खरंच इन्फेक्शन झालं तर हाताशी औषध कमी उरतं. ताप, थंडी, कुशीत दुखणं, जळजळ किंवा लघवीतून रक्त, यातलं काही झालं तर मात्र लगेच या, म्हणाले. गोळी दिली नाही, पुन्हा कल्चरही सांगितलं नाही.

निघताना त्यांनी एक गोष्ट बजावली: गरोदर बाईला हा नियम लावू नका. तिला त्रास नसला तरी कल्चर करावं लागतं आणि जंतू निघाले तर औषधही द्यावं लागतं, नाहीतर किडनीपर्यंत इन्फेक्शन जाण्याचा धोका असतो. मूत्रमार्गाच्या आत इजा होईल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तरी तेच. आमची वहिनी तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. घरी पोचायच्या आधीच मी तिला फोन लावला, कारण आईची बातमी ऐकून तीही "मला कुठे काय होतंय" म्हणून तपासणी पुढे ढकलेल, याचीच मला धास्ती होती.