एजंटचा फोन तिसरा असावा

घर विकायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन एजंटला लावतात. माझं मत आता पक्कं झालंय की तो फोन तिसरा असावा. आधी वकील, मग सीए आणि मग एजंट. बाबांचा कर्वेनगरचा फ्लॅट आम्ही भावंडांनी याच क्रमाने विकला. ओळखीतले बरेच जण सध्या आईवडिलांची घरं विकायच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

फ्लॅट १९८८ सालचा. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आई त्यांच्या आधीच गेली होती. वारस आम्ही तिघं: दादा अमेरिकेत, मी पुण्यात, धाकटी कोल्हापूरला. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव होतं धाकटीचं. त्यामुळे शेजारीपाजारी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की फ्लॅट तिचा. धाकटीला त्याचा फार त्रास झाला. दादाला काय वाटेल, या विचाराने तिची झोप उडाली होती.

वकीलबाईंनी पहिल्याच बैठकीत तो विषय मिटवला. नॉमिनीला सोसायटी तात्पुरतं सभासद करून घेते, पण त्यामुळे मालकी ठरत नाही. मालकी वारसाहक्काने येते, म्हणजे आम्हा तिघांची, सारखी. विक्रीच्या कागदावर तिघांच्याही सह्या लागणार. हे एखाद्या काकांनी सांगितलं असतं तर वाद झाला असता. बाहेरच्या, कायदा जाणणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं आणि तिघांनीही ऐकलं. त्यांच्या फीचं मोल मला तिथेच वसूल झालं.

पुढे त्यांनी आम्हाला शिवाजीनगरच्या कोर्टातून वारस दाखला काढायला लावला. वेळ गेला. पण घेणाऱ्याला गृहकर्ज हवं असेल तर त्याच्या बँकेचा वकील हेच विचारतो, आणि टोकन घेतल्यावर तो प्रश्न निघाला तर व्यवहार लटकतो. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल), एवढी फाइल गिऱ्हाईक यायच्या आधी तयार होती. पार्किंगचंही त्यांनी स्पष्ट केलं. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली, जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसा निकाल दिलाय. म्हणून आमच्या मसुद्यात पार्किंगची वेगळी किंमत कुठे आली नाही. सोसायटीने दिलेला वापर, एवढाच उल्लेख.

सीएंची गरज मुख्यतः दादामुळे. आणि ज्यांचं भावंड परदेशात आहे त्यांनी हा भाग नीट वाचा. विकणारा भारतात राहणारा असेल आणि फ्लॅटची एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर घेणारा पैसे देतानाच १ टक्का कर (टीडीएस) कापतो. परदेशस्थ माणसाच्या वाट्याला हा १ टक्का लागू नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के आणि वर अधिभार-सेस, अशी कपात होते. तीही प्रत्यक्षात नफ्यावर न होता त्याच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर होते. मग रिटर्न भरा आणि परताव्याची वाट बघत बसा. हे टाळायला आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं. सीएंनी दादाचा अर्ज केला. ते प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय आम्ही करारनाम्याची तारीख घेतली नाही.

त्यांनीच आम्हाला नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडे पाठवलं. जुन्या घराला बाबांची १९८८ ची खरेदी किंमत धरण्याऐवजी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवसाच्या सरकारी मूल्यांकनाच्या वर जाता कामा नये. त्या एका अहवालाने नफ्याचा आकडा बराच खाली आला. दादाने माझ्या नावाने दिलेलं कुलमुखत्यारपत्रही वकीलबाईंनी फक्त या फ्लॅटपुरतं केलं, आणि त्याच्या वाट्याचे पैसे थेट त्याच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयांचं इथलं बँक खातं) जातील असं त्यात लिहिलं. माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, तरीही हे लिहिलेलं मला फार बरं वाटलं.

मग एजंट. पुण्यात एजंटला नावं ठेवायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. आमच्या एजंटने पहिल्या भेटीत सांगितलं की लिफ्ट नसल्यामुळे साठीपुढचं गिऱ्हाईक येणार नाही, आणि रीडेव्हलपमेंट कधीतरी होईल या आशेवर भाव चढवू नका. पूर्ण रक्कम चेकने, हे त्याने आमच्या आधी सांगितलं. नुसते बघायला येणारे त्याने परस्पर गाळले. तुम्ही एजंट निवडाल तेव्हा महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी क्रमांक जरूर विचारा. त्यांना आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. दलालीचा आकडा आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांनी विचारलं, तुमच्याच वकीलबाई आमचंही बघतील का, खर्च वाचेल. बाईंनी स्वच्छ नकार दिला आणि तुमचा स्वतःचा वकील आणा म्हणाल्या. त्यांनी आणला, आणि त्याने त्यांना सुचवलं की फ्लॅट एकट्या बायकोच्या नावाने घेतला तर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के पडतं. नवराबायकोच्या जोडनावावर ही सवलत मिळत नाही. आमच्या वकीलबाई आमची बाजू बघत होत्या. हे त्या जोडप्याला सांगायला त्यांचाच माणूस लागला.

सोसायटीने ट्रान्सफरच्या वेळी भलतीच रक्कम मागितली होती. हस्तांतरणाच्या प्रीमियमवर महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची मर्यादा आहे. वकीलबाईंनी तसं एक पत्र दिलं, कमिटीने मागणी मागे घेतली आणि ना-हरकत दाखला त्याच आठवड्यात मिळाला.