क्राबीत सासूबाईंचा हात मोडला, त्या दिवसाची गोष्ट (आणि थायलंडला जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं)

आधीच सांगते, सासूबाई आता ठणठणीत आहेत, भाकऱ्या थापतात, आणि थायलंडचा विषय निघाला की हात मोडल्याचं सोडून बाकी सगळं रंगवून सांगतात. पण ओळखीतले बरेच जण आता तिकडं निघालेत आणि प्रत्येकजण फक्त हॉटेल कुठलं घेतलं, जेवणाचं काय केलं एवढंच विचारतोय, म्हणून जे कुणी विचारत नाही ते लिहून ठेवते.

आम्ही फेब्रुवारी २०२५ ला गेलो. मी, नवरा, सासूबाई (वय ६६, शुगर आहे), दीर आणि जाऊ. कोल्हापूरहून गाडीने मुंबई, तिथून विमानाने बँकॉक, तीन दिवस तिथं आणि मग चार दिवस क्राबीजवळच्या आओ नांगला. पाचवा का सहावा दिवस असेल, दीर-जाऊ सकाळीच चार बेटांच्या टूरला गेले. सासूबाईंना एवढा वेळ बोटीत नको वाटलं म्हणून आम्ही तिघं नुसतं रेलेला निघालो. रेलेला रस्ताच नाही, डोंगर आडवे आहेत, बोटीनेच जावं लागतं. आओ नांगहून लाँगटेल म्हणजे ती लांब शेपटीच्या इंजिनची लाकडी बोट, आम्ही माणशी १०० बाट (बाट म्हणजे तिथलं चलन) दिले, पंधरा मिनिटांत पोचतो.

आता हे नीट वाचा, कारण घरातलं वयस्कर माणूस नेणार असाल तर हेच महत्त्वाचं आहे. आमची बोट लागली त्या किनाऱ्यावर धक्का-बिक्का काही नव्हता. बोट वाळूच्या जवळ येते, पुढच्या टोकाला शिडी अडकवलेली असते, तिच्यावरून गुडघाभर पाण्यात उतरायचं. शिडी हलते, बोट हलते, पायाखाली ओलं लाकूड. सासूबाईंनी चपला हातात घ्यायच्या ऐवजी पायातच ठेवल्या, नवरा खाली उभा राहून हात देत होता, तेवढ्यात बाजूने एक स्पीडबोट गेली, तिच्या लाटेने आमची बोट वर उचलली आणि त्या एका पायरीवरून गेल्याच. पाण्यात पडल्या म्हणून डोकं-बिकं वाचलं, पण तळहात आधी टेकला. वर आल्या तेव्हा "काही नाही, काही नाही" म्हणत होत्या आणि मनगट काट्याचमच्यातला काटा पालथा ठेवल्यासारखं वाकडं दिसत होतं.

नवरा घाबरून नुसता फोन काढून बसला. मी पण काय करावं ते सुचत नव्हतं. तिथं सावलीत मसाज करणाऱ्या बायका बसतात, त्यातली एक पन्नाशीची बाई स्वतःहून उठून आली, सासूबाईंचा हात बघितला आणि पहिलं बोट कुठं ठेवलं असेल तर पाटल्यांवर. सोन्याच्या दोन पाटल्या आणि एक अंगठी त्याच हातात. मला तर ते डोक्यातही आलं नव्हतं, मी बर्फ कुठं मिळेल ते बघत होते. तिने मसाजचं तेल ओतलं, मनगट अजिबात न हलवता एकेक पाटली अशी काढली की सासूबाई फक्त एकदाच ओरडल्या. अंगठी निघायला जास्त वेळ लागला, बोट तोवर सुजायला लागलं होतं. पुढं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने सांगितलं की आणखी अर्धा तास गेला असता तर अंगठी कापावी लागली असती, सूज वाढत जाते आणि रक्त अडतं. हाताला मार लागला की आधी अंगठ्या-बांगड्या काढा, मग बर्फ. मग तिनेच टॉवेलमध्ये बर्फ दिला, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, "मै पेन राय" म्हणाली, म्हणजे असू दे, काही हरकत नाही.

परतीची बोट एरवी आठ माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. बोटवाल्याने सासूबाईंना बघितलं आणि आम्हा तिघांनाच घेऊन लगेच निघाला. दोन-तीन परदेशी पोरांनी त्यांना जवळजवळ उचलून बोटीत बसवलं. मी हे मुद्दाम सांगतेय कारण नवऱ्याला मदत मागायचाच संकोच, "उगाच कशाला लोकांना त्रास", आपल्याकडं हे फार. अशा वेळी मोठ्यांदा सांगा. इंग्रजी नाही आलं तरी चालतं. "चुआय दुआय" म्हणजे वाचवा, मदत करा, एवढं पाठ करून जा.

आओ नांगला हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी खरी हुशार. मी म्हटलं अँब्युलन्स बोलव. तिने शांतपणे विचारलं, शुद्धीत आहेत ना, श्वास नीट आहे ना, रक्त वाहत नाही ना, मग हॉटेलची गाडी लवकर पोचेल. तिकडं अँब्युलन्सचा नंबर १६६९ आहे आणि तो छातीत दुखणं, बेशुद्धी, मोठा अपघात यासाठी बिनधास्त फिरवायचा. पोलिसांचा १९१, आणि टुरिस्ट पोलिसांचा ११५५, तिथं चोवीस तास इंग्रजी बोलणारं कुणीतरी असतं. हे तीन नंबर फोनमध्ये तर ठेवाच पण कागदावर पण लिहा.

तिने विचारलं, इन्शुरन्स आहे का, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं? इन्शुरन्स होता की. पण पॉलिसी काढली दिराने, पीडीएफ त्याच्या मेलमध्ये आणि तो बसलाय कुठल्यातरी बेटावर जिथं रेंज नाही. पाच माणसांची पॉलिसी, आणि कागद एकाकडं. मला तर कंपनीचं नावही आठवेना. शेवटी तिने सांगितलेल्या खासगी हॉस्पिटलला गेलो.

तिथं काउंटरवर पासपोर्ट मागितला. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये, पण माझ्या फोनमध्ये सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो होते, त्यावर काम सुरू झालं. मग विचारलं, औषधं कुठली चालू आहेत. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी पांढरी मोठी, रात्री पिवळी बारकी." हे मी इंग्रजीत कसं सांगू? नशीब की पर्समध्ये एक रिकामी स्ट्रिप सापडली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, ही नावं तिकडच्या डॉक्टरला लगेच कळली. ब्रँडचं नाव सांगून उपयोग नसतो, आत जे औषध असतं त्याचं नाव लागतं. निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या स्ट्रिपचा मागून-पुढून फोटो काढा, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा, आणि औषधं चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत.

नर्स हळूच मनगटाजवळ दाबून "जेप मै?" विचारत होती, म्हणजे दुखतंय का. आणि सासूबाई दर वेळी "दुखतंय गं बाई, दुखतंय" असं मराठीतच. दोघींचं मस्त चाललं होतं, माझी काही गरजच नव्हती.

एक्सरे झाला, मनगटाजवळचं हाड मोडलेलं, सुन्न करून ओढून बसवलं आणि स्लॅब, म्हणजे अर्ध्या बाजूचं प्लास्टर, घातला. बिल १४,८६० बाट. तेव्हा बाट अडीच रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे अडतीस हजार रुपये. आता पैसे. फॉरेक्स कार्डवर (परदेशात खर्चायला आधी पैसे भरून नेतात ते कार्ड) एवढे नव्हते. नवऱ्याने बँकेचं डेबिट कार्ड दिलं तर रिजेक्ट. कारण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डवर परदेशातले व्यवहार बंदच असतात, आपण स्वतः चालू करावे लागतात, आणि आम्ही केले नव्हते. बँकेच्या ॲपमधून चालू करायला गेलो तर ओटीपी आला भारतातल्या नंबरवर. आणि ते सिमकार्ड? बँकॉक एअरपोर्टला थाई सिम टाकताना काढलं आणि टिश्यूत गुंडाळून हॉटेलच्या टेबलावर! नवरा परत हॉटेलला गेला, सिम आणि खरे पासपोर्ट घेऊन आला, तोवर आम्ही दोघी बसून. हॉस्पिटलने उपचार थांबवले नाहीत हे बरं, पैसे नंतर घेतले. पण हे सगळं घरी बसून पाच मिनिटांत करता आलं असतं. आणि फोनमध्ये दोन सिम चालत असतील तर आपलं सिम काढूच नका.

चारच्या सुमारास दिराचा फोन लागला. इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला त्याने कळवलं, त्यांनी केस नंबर दिला आणि सांगितलं की ॲडमिट केलं नाही म्हणजे कॅशलेस नाही, बिल भरा आणि नंतर मागा. हे पॉलिसीत लिहिलेलंच होतं, वाचतं कोण. आणि एक, पॉलिसी काढताना दीर म्हणत होता शुगरचं लिहायला नको, प्रीमियम वाढतो. जाऊने भांडून लिहायला लावलं. हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्याच ओळीत डायबेटिक असं आलं, तेव्हा लपवलं असतं तर क्लेम पास करताना त्यांनी किती फाटे फोडले असते विचार करा. हजार-दीड हजारासाठी खोटं लिहू नका.

परतीचं विमान चौथ्या दिवशी. हेही मला माहीत नव्हतं, की हाड मोडून प्लास्टर घातलं की लगेच उडता येत नाही, हवेत सूज वाढते, साधारण पहिल्या ४८ तासांत उडायचंच असेल आणि प्लास्टर पूर्ण गोल असेल तर ते उभं चिरून घ्यावं लागतं. आम्हाला अर्धा स्लॅब होता म्हणून अडचण नव्हती, तरी डॉक्टरकडून प्रवासाला हरकत नाही असं पत्र घेतलं. चेक-इनला विचारलंच. एअरलाइनला आदल्या दिवशी फोन करून व्हीलचेअर सांगितली होती, त्याचे पैसे पडले नाहीत आणि इमिग्रेशनची लाइनही वाचली.

बाकी किरकोळ. बँकॉकला ग्रँड पॅलेसच्या बाहेर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एक माणूस भेटला, "आज पूजा आहे, एकपर्यंत बंद, तोवर ४० बाटमध्ये रिक्षाने दुसरी देवळं बघा." दीर गेला ना! दोन तास शिंप्याच्या आणि खड्यांच्या दुकानात फिरवलं. पॅलेस उघडाच होता, एरवी साडेआठ ते साडेतीन असतो. सासूबाई म्हणाल्या, अंबाबाईच्या देवळाबाहेर कुणी देऊळ बंद आहे म्हणालं तर आपण आत डोकावून बघतोच की नाही, मग इथं काय झालं. आत जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

हात मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी याच दिराने स्कूटर घेतली, आणि दुकानात ठेवायला दिला काय तर पासपोर्ट. परत करताना दुकानदार म्हणाला खालून ओरखडा आहे, ८,००० बाट. ओरखडा आधीचा होता, पण व्हिडिओ काढलेला नाही. मग तिथंच उभा राहून ११५५ लावला आणि फोन दुकानदाराच्या हातात दिला. पाच मिनिटं थाईत काय बोलणं झालं देव जाणे, १,००० वर मिटलं आणि पासपोर्ट मिळाला. पासपोर्ट कुणाकडंच ठेवायला देऊ नका, रोख डिपॉझिट द्या नाहीतर दुसरं दुकान बघा. आणि आरटीओतून दुचाकीसाठी पण इंटरनॅशनल परमिट काढलेलं नसेल तर स्कूटर नकोच, पडलात तर इन्शुरन्सवाले पहिलं लायसन्सच विचारणार. ई-सिगारेट तिकडं बंदी आहे, कुणाच्या बॅगेत असेल तर घरीच काढा.

पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिस रिपोर्ट, मग बँकॉकचा भारतीय दूतावास, तो सुखुमवित रस्त्याच्या सोई २३ मध्ये (सोई म्हणजे गल्ली) आहे. तातडीने परत यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त भारतात येता येतं. दूतावासाचं अकाउंट फोनवर फॉलो करून ठेवा. आम्ही परत आल्यावर महिनाभरात, २८ मार्चला, म्यानमारच्या भूकंपाने बँकॉक हादरलं, बांधकाम चालू असलेली एक उंच बिल्डिंग कोसळली, तेव्हा त्यांनी तिथल्या भारतीयांसाठी इमर्जन्सी नंबर असाच जाहीर केला होता.

आमच्या वेळी नव्हतं पण १ मे २०२५ पासून तिकडं उतरायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात. ते फुकट आहे. गूगलवर वरती येणाऱ्या बऱ्याच साइट पैसे मागतात, त्या सरकारी नाहीत. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' असतं ते बघा.

क्लेमला जवळजवळ दोन महिने गेले. मूळ बिलं, डॉक्टरचा रिपोर्ट, एक्सरे, पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, सगळं मागितलं, त्यामुळे तिथलं एकही चिटोरं फेकू नका. ५० डॉलर डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायचा वाटा, कापून साधारण तेहतीस-चौतीस हजार आले. हॉटेलच्या गाडीचे नाही मिळाले, पावती घ्यायची राहिली होती.