पाकळी पडेना तेव्हा

"तुम्ही देवाला प्रसाद लावणारी, कौल मागणारी माणसं. मग कुणी एआयच्या पाया पडलं तर तुम्हाला का खुपतं?" पणजीच्या ऑफिसात हे वरचेवर ऐकते. माझं पोट कॉम्प्युटरवर, घर फोंड्यात देवळाच्या शेजारी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बायबलातल्या ११५व्या स्तोत्रात मूर्तींची थट्टा आहे: तोंड आहे पण बोलत नाहीत, कान आहेत पण ऐकत नाहीत. मूर्तिपूजा हे पाप, असं म्हणतच पोर्तुगिजांनी इथली देवळं पाडली. १५६० साली मंगेशाला कुशस्थळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळला न्यावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने एआयवर टिपण काढलं, त्यात तेच स्तोत्र परत आलं. मूर्ती बोलत नाही, हे यंत्र बोलतं, निदान तसा भास करतं, म्हणून त्याची भुरळ जास्त पडू शकते, असं त्यात म्हटलंय. साडेचारशे वर्षांनी आमच्या देवांचा गुन्हा थोडा हलका झाला म्हणायचा!

मला ते न बोलणंच मोलाचं वाटतं. प्रसाद म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. पाणी सुकलं की पाकळी सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी लहान असताना कुळागर, म्हणजे आमची सुपारीची बाग, विकायचं निघालं. बाबा आणि दोघे काका प्रसादाला बसले. गाऱ्हाणं सगळ्यांदेखत घालायचं, त्यामुळे नुसतं 'विकू का' म्हणून भागेना. का विकायचं? कर्ज आहे. कुणाचं? धाकट्या काकाचं. आजीला ते तिथेच कळलं. पाकळी काही पडेना. मग बसल्या जागी भावाभावांत बोलणं सुरू झालं.

त्याच कुळागराबद्दल गेल्या वर्षी मी चॅटबॉटला विचारलं, रात्री, एकटीने. विकणंच शहाणपणाचं ना? हो, पाच कारणांसकट. ठेवणंच बरं ना? त्यालाही हो. यात लबाडी नाही. पुढचा शब्द कोणता येईल याचा तो अंदाज बांधतो, आणि त्याला घडवताना माणसांनी आवडलेल्या उत्तरांना जास्त गुण दिलेले असतात. आपलंच म्हणणं कुणाला आवडत नाही? मला थांबावं लागलं नाही, कुणादेखत लाजावं लागलं नाही.

काकाचं कर्ज तिघांनी मिळून फेडलं. त्या संध्याकाळी आम्ही उठलो तेव्हा पाकळी चिकटलेलीच होती. पुजारी म्हणाले, उद्या या. कुणी गेलं नाही.