तुम्ही विचारलंत म्हणून: हिटलरच्या पाणबुडीसाठी देव पाण्यात का घालायचे?

'दास बोट' हा माझा आवडता युद्धपट आहे असं म्हटलं की समोरून हमखास प्रश्न येतो, अहो पण ती हिटलरची माणसं ना, त्यांची पाणबुडी वाचावी म्हणून आपण कशाला देव पाण्यात घालून बसायचं? प्रश्न रास्त आहे आणि "सिनेमाच तर आहे, सोडा हो" हे काही त्याचं उत्तर नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वोल्फगांग पीटरसनचा १९८१ चा जर्मन सिनेमा. लोथार-ग्युंथर बुखहाइम नावाचा माणूस १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून यू-९६ या खऱ्या पाणबुडीवर गेला होता, त्या अनुभवावर त्यानं १९७३ मध्ये कादंबरी लिहिली आणि तिच्यावर हा सिनेमा. गोष्ट एवढीच की फ्रान्सच्या ला रोशेलहून पाणबुडी निघते, अटलांटिकमध्ये ब्रिटिश जहाजांच्या ताफ्याची वाट बघत बसते, मारते आणि मार खाते. सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो की ४०,००० जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले आणि त्यातले ३०,००० परतले नाहीत. पीटरसन एक किस्सा सांगायचा, लॉस एंजेलिसच्या शोला या मजकुरावर लोकांनी टाळ्या पिटल्या, म्हणजे मेले ते बरंच झालं अशा अर्थानं, आणि शेवटी त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता मधल्या वेळात नेमकं काय झालं, तर माझ्या मते उत्तर तिथंच आहे.

झालं असं की त्यानं प्रेक्षकाला आत कोंडलं. साधारण ६७ मीटर लांब बोट, आत ५० च्या आसपास माणसं, दोन संडास आणि त्यातल्या एकात खाण्याचं सामान ठासलेलं, डोक्यावर ब्रेड न् सॉसेज लटकतायत, एक माणूस ड्युटीला उठला की त्याच्या गरम बिछान्यात दुसरा शिरतो. योस्ट वाकानो हा कॅमेरामन जायरोस्कोप (कॅमेरा स्थिर ठेवणारं फिरतं यंत्र) लावलेला छोटा कॅमेरा हातात धरून म्युनिकमधल्या त्या अरुंद सेटमधून अक्षरशः पळायचा, सेट गदागदा हलवायचे म्हणून अंगावर पॅडिंग. त्यामुळे अलार्म झाला आणि सगळे बोटीच्या नाकाच्या बाजूला वजन जाऊन ती झटकन बुडी मारावी म्हणून पुढे धावत सुटले की आपणही त्या गोल दारांतून उड्या मारत त्यांच्या मागे. आणि आवाज! वर शत्रूची विनाशिका, म्हणजे पाणबुड्या हुडकणारी युद्धनौका फिरतेय, तिच्या पंख्याची घरघर जवळ येतेय, आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा टिंग, खाली कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नाही, सगळे छताकडे बघतायत जणू पत्र्यातून आरपार दिसणार आहे. मग डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणारे बॉम्ब फुटतात. ऑस्करला सहा नामांकनं होती, त्यातली दोन आवाजाची, मिळालं एकही नाही, असो. तर अशा ठिकाणी 'कुणाच्या बाजूचे' हा हिशोब शरीर करतच नाही. स्पेन आणि आफ्रिकेमधल्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत बोट तळाला जाऊन बसते, खोलीचा काटा २८० मीटरवर, बोल्ट गोळीसारखे सुटतायत, तेव्हा हवा हवी एवढंच कळतं.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा, सिनेमा इथं थांबला असता तर तुमचा आक्षेप मी मुकाट्यानं मान्य केला असता. तो थांबत नाही. रात्री बोट वर येते, यांनीच फोडलेलं टँकर जहाज अजून जळतंय, कॅप्टन शेवटचा टॉर्पेडो सोडायला सांगतो, आणि मग दिसतं की त्यावर अजून माणसं आहेत. पेटलेली माणसं पाण्यात उड्या टाकतायत, ओरडत यांच्या बोटीकडे पोहत येतायत. कॅप्टन चिडतो, म्हणे त्यांना अजून कुणी वाचवलं कसं नाही! आणि बोट मागे घ्यायला सांगतो. जागा नाही हे खरंच आहे, पण ते पोहत येणारे हात आपल्याला दिसलेले असतात. ज्यांच्यासाठी आपण श्वास रोखून बसलो होतो त्यांनीच हे केलं, हे सिनेमा विसरू देत नाही.

दुसरा माझा लाडका प्रसंग व्हिगो बंदरातला, स्पेनमध्ये. महिनोन्‌महिने न आंघोळलेले हे लोक चोरून इंधन-रसद घ्यायला एका चकाचक जर्मन जहाजावर जातात, टेबल अन्नानं वाकलेलं, तिथले अधिकारी इस्त्रीच्या कपड्यांत, आणि ते कॅप्टन समजून कडक सलाम ठोकतात कुणाला, तर नंबर दोनच्या अधिकाऱ्याला! का, तर एवढ्या सगळ्यांत त्याचाच काय तो गणवेश स्वच्छ. नाझी राजवटीवर यापेक्षा जहरी विनोद भाषणातून झाला नसता.

आता खोट काढायचीच तर माझी तक्रार इथंच आहे. तो स्वच्छ गणवेशवालाच बोटीवरचा एकमेव पक्का नाझी, बाकी सगळे कंटाळलेले, शिवराळ, भले लोक, आणि कॅप्टन तर रेडिओवरच्या प्रचाराची उघड टिंगल करणारा. हे जरा सोयीचं आहे. बुखहाइमलाही सिनेमा पसंत नव्हता. पण युर्गेन प्रोख्नो या नटानं तो कॅप्टन असा केलाय की तक्रार करताना माझाच आवाज खाली येतो. (खऱ्या यू-९६ चा कॅप्टन लेहमान-विलेनब्रोक युद्धातून वाचला, पुढे अणुशक्तीवर चालणाऱ्या व्यापारी जहाजाचा कॅप्टन झाला आणि या सिनेमाचा सल्लागारही होता.)

बघणार असाल तर १९९७ ची साडेतीन तासांची डायरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्ती बघा, अडीच तासांची नको, कारण त्यात वाट बघण्याचा कंटाळा कापला गेलाय आणि तो कंटाळा नसेल तर पुढची भीती निम्मी होते. जर्मन आवाज ठेवा, खाली सबटायटल्स, आणि हेडफोन लावा. मोबाईलवर मात्र बघू नका, प्लीज.